मास्तरांची उसवलेली पँट

टेलर मास्तर बोलायला लागले की गिऱ्हाईक आपण माप द्यायला आलोय हेच विसरून जायचं. कुठल्याही विषयावर त्यांचं तोंड कधी अडलं नाही. अडलं ते एकदाच, तेही नको तिथे.

झालं असं, की वरच्या फळीवरून कापडाचा जाड तागा ओढताना तो निसटला आणि त्याचं टोक नेमकं मास्तरांच्या अवघड जागी बसलं. डोळ्यांपुढे काजवे चमकले. चार दिवसांत दुखायचं थांबलं, पण उजव्या बाजूची सूज काही हलेना. मार लागल्यावर सूज येणारच, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली. दुसरा कोणी डॉक्टरकडे गेला असता. मास्तरांनी पँट उसवली, शिवणीत राखून ठेवलेली जादा पट्टी सोडली आणि आसन सैल केलं. दहा दिवसांनी पुन्हा तेच. चालताना काचत नाही म्हणजे आपण बरे झालो! चौतीस वर्षांचा बाप्या, पण अक्कल पार गहाण टाकलेली.

दुकानात काज-बटणं बायको करायची. पँट तिसऱ्यांदा उसवलेली तिच्या हाती लागली. जुन्या टाक्यांच्या भोकांच्या रांगांवरून तिनं बोट फिरवलं.

"पोट आहे तेवढंच आहे तुमचं. मग ही पँट कशापायी वाढतेय?"

मास्तरांनी आढेवेढे घेतले, मग सगळं सांगून टाकलं. सांगताना रडलेही. लग्नाला दोनच वर्षं झाली होती, दोघांना मूल हवं होतं, आणि आपण आता कामातून गेलो या भीतीनं त्यांची झोप उडाली होती.

दुसऱ्याच दिवशी बायकोनं ती पँट डॉक्टरांच्या टेबलावर ठेवली.

"माराची सूज उतरत जाते," डॉक्टर म्हणाले, "ही तर वाढत गेलीये."

सोनोग्राफी झाली, रक्त तपासलं.

"गाठ आधीपासूनच होती, मास्तर. मारानं ती झाली नाही, फक्त तुमचं लक्ष तिकडे गेलं. कॅन्सर दिसतोय. ते वृषण काढायला लागेल. पण वेळेत आलात, बरे व्हाल."

"आणि मूल?"

"दुसरं धडधाकट आहे. एकावरही बहुतेकांना होतं. हवं तर आधी वीर्य साठवून ठेवू."

ऑपरेशन झालं, गाठ पसरली नव्हती. महिन्याभरात मास्तर पुन्हा कात्री घेऊन उभे राहिले. ठरल्या तारखांना तपासणीला जातात, कधी चुकवत नाहीत. आणि तोंड? ते तर आता अजिबात आवरत नाही. मांडीचं माप घेता घेता तरण्या गिऱ्हाइकाला खुशाल सांगतात, "महिन्यातून एकदा आंघोळ करताना खाली चाचपून बघत जा. कडक काही लागलं तर दुखायची वाट बघू नकोस."

परवा एकजण लालेलाल झाला. "मास्तर, असलं बोलायला लाज नाही वाटत?"

"वाटायची की. तिच्यापायी तीन आठवडे गाठ वाढवत बसलो."

गिऱ्हाईक हसलं नाही. मास्तरांनी टेप गळ्यात टाकेपर्यंत थांबलं आणि हळूच म्हणालं, "कुठल्या डॉक्टरांकडे गेला होतात?"