फुलोऱ्यातला भात आणि सरकारी ॲप

सोनिवलीत आमचा भात अजून उभा आहे, हे दर वर्षी सरकारला फोटो काढून पटवावं लागतं. त्यासाठी मोबाईलवर ॲप आहे. आपणच शेतात जायचं, पिकाचा फोटो काढायचा, वर चढवायचा. मग सातबाऱ्यावर ‘भात’ लागतो आणि अनुदान येतं. नाही चढवला तर सातबाऱ्यावर जमीन पडीक. अनुदान गेलं खड्ड्यात, माझ्या वडिलांना त्या ‘पडीक’चीच धास्ती. आजूबाजूच्या शेतांत टॉवर झालेत, आणि पडीक जमिनीचा वास दलालांना बरोबर लागतो. ‘‘कागदावर पडीक लागलं ना, तर मी पन मेल्यात जमा,’’ बाबा म्हणाले, तेव्हा मी लगेच ॲप फोनवर घेतलं. एरवी मी कुणाचं ऐकत नाही.

फोटोचं काम माझं, कारण स्मार्टफोन माझा. मी राहते शहरात, हेंद्रेपाड्यात, आणि कॅम्प दोनच्या बाजारात कपड्याच्या दुकानात हिशेब बघते. ‘गाव का काम है’ म्हटलं की शेटचं तोंड वाकडं होतं. होऊ दे. यंदा शेवटच्या तारखेला हाफ डे टाकून गेले, तर बाबा इस्त्रीचा शर्ट घालून, केस चापून बांधावर उभे.

‘‘बाबा, फोटो भाताचा काढायचाय, तुमचा नाही.’’

‘‘भात काय एकटा उगावलाय?’’

घ्या. बरं, राहा उभे म्हटलं, तर ॲप अडून बसलं. तुम्ही शेताच्या बाहेर आहात, म्हणे, आत या.

‘‘आत शिरावं लागेल, बाबा.’’

‘‘फुलोरा आलाय. फुलोऱ्यात कोन शेतात पाय घालतं का?’’

आमच्याकडे भात फुलला की आत कुणी जात नाही. फूल झडलं तर दाणा पोचट राहतो. लहानपणी चेंडू आत गेला तरी कापणीपर्यंत विसरायचा. एरवीही शेतात उतरायचं तर बाबा चपला बांधावर काढून ठेवतात. हे सगळं मला ठाऊक, तरी मी चिडले.

‘‘एक पाऊल टाका. नाहीतर अनुदान विसरा.’’

‘‘नको मग.’’

‘‘आणि पडीक लागलं तर?’’

त्यावर ते नुसते भाताकडे बघत राहिले. माझा जीव तुटला, आणि ज्याने ते ॲप बनवलं त्याला दोन ठेवून द्याव्यात असंही वाटलं.

मग मी नीट नकाशा उघडला. आपण कुठे उभे आहोत तिथे निळा ठिपका दिसतो आणि शेताभोवती लाल चौकट. आणि ही लाल चौकट आमच्या शेतावर नव्हतीच! सरकून शेजारच्या सोसायटीत जाऊन बसली होती. यंदा जुना नकाशा नव्याने चढवताना हलला असणार. म्हणजे भात तुडवूनही काही उपयोग झाला नसता. सरकारच्या हिशेबाने आमचं शेत सोसायटीच्या पार्किंगमध्ये होतं.

गेटवर वॉचमनने अडवलं. ‘‘किससे मिलना है?’’

मी काहीतरी थाप शोधत होते, तेवढ्यात बाबा म्हणाले, ‘‘मेरे खेत में जाना है.’’

वॉचमन आधी बाबांकडे, मग त्यांच्या इस्त्रीच्या शर्टाकडे बघत राहिला. शेवटी हसला आणि गेट उघडलं.

दोन गाड्यांच्या मधून आम्ही मागच्या कंपाउंडपाशी गेलो. भिंत कमरेएवढी, पलीकडे आमचा भात डुलत होता. इथे ॲप एकदम शहाण्यासारखं वागलं. तुम्ही शेतात आहात, म्हणालं. मी भिंतीवरून हात लांब करून फोटो घेतला. तो चढेपर्यंत मी टक्के मोजत होते. चढला. खाली अक्षरं आली, पीक भात.

बाबांना सांगायला मागे वळले, तर ते एका गाडीला धरून वाकलेले. चपला काढून बाजूला ठेवल्या होत्या आणि तापलेल्या फरशीवर अनवाणी उभे राहत होते.

‘‘अहो, पाय भाजतील! काय करताय?’’

‘‘शेत हाय म्हनतंय ना ते?’’