पायाशी लावलेला दिवा

दौंडच्या रेल्वे यार्डात कोंडिबांनी अठ्ठावीस वर्षे डब्यांतले दिवे आणि पंखे दुरुस्त केले. २००२ साली निवृत्ती घेतल्यावर ते स्वस्थ बसले नाहीत. शिरूरच्या रस्त्याला पत्र्याची एक खोली घेऊन मोटारींच्या वायरिंगचे दुकान त्यांनी मांडले. त्यांचा एक नेम होता. केलेल्या कामातला प्रत्येक जोड ते बोटाने चाचपून पाहत. टेप न गुंडाळलेला जोड गादीखाली दडवणे त्यांना खोटे बोलण्यासारखे वाटे.

पुढच्या वर्षीच्या हिवाळ्यात खुटबावचा म्हस्कू आपली जुनी पद्मिनी घेऊन दुकानात आला.

"आप्पा, गाडीत पायापाशी दिवं बसवायचं हायेत."

"पोरावानी गाडी नटवायची हौस आली व्हय ह्या वयात?"

"हौस कसली! आईसाठी पाहिजेत." म्हस्कूचा आवाज उतरला. "दिवाळीत गाडीत चढताना तिचा पाय दाराखालच्या उंबऱ्यासारख्या पट्टीला अडकला. पडली. मनगट मोडलं. तवापासनं गाडीत पाय ठेवत न्हाई. आन् तिकडं तळेगावात कस्तुरामावशी अंथरुणाला खिळलीया, रोज इचारती, भामा कवा येती?"

"दिवसा न्यायची."

"माझी पाळी सुटती पाचला. घरी येस्तवर अंधार."

गाडीच्या छताला दिवा होता. पण आत शिरण्यासाठी भामाबाई वाकल्या की त्यांचीच सावली पायाखाली पडे, आणि अधू डोळ्यांना नेमकी ती पट्टीच दिसत नसे. कोंडिबांनी हातातले काम बाजूला सारले. त्या दिवशी त्यांनी दुसरी गाडी घेतली नाही.

याला कारण होते. रेल्वेत लागण्यापूर्वी, विशीत, ते एका कंत्राटदाराकडे खेडोपाडी घरांत वीज जोडण्याचे काम करीत. विजेची निकड सगळ्यांना होती. वायर ओढणारा मुलगा बौद्धवाड्यातला आहे हे कळले, की मात्र घरोघर वायर ओसरीवरच थांबे. आतले आम्ही पाहून घेऊ, असे सांगितले जाई. हे कोणी रागाने म्हणत नसे, आणि तेच अधिक बोचे. ज्या अन्यायाला रागाचीही गरज उरत नाही, तो माणसांच्या सवयीत मुरलेला असतो. खुटबावात मेंढरे विकून नुकतेच शेतीत स्थिरावलेले एक कुटुंब होते. त्या घरची सून ओसरीवर उभ्या कोंडिबांना म्हणाली होती, "दिवा चुलीपाशी पाहिजे मला. दिवा आत आन् माणूस भाईर, असं कसं जमंल? ये आत." त्या भामाबाई. स्वयंपाकघरातला बल्ब पेटला तेव्हा त्यांनी हात जोडले, आणि मग त्याच घरातल्या पितळीत कोंडिबांना भाकरी वाढली. त्यानंतरच्या तीस वर्षांत कोंडिबा पुष्कळ ठिकाणी आत गेले. पण पहिल्यांदा आत बोलावणारा आवाज त्यांना कधी विसरता आला नाही.

त्यांनी मन लावून काम केले. फ्यूजमधून एक वायर घेतली, गालिच्याखालून मागे नेली. दार उघडताच दिवा लावणारे बटण मागच्या दाराला नव्हते. दाराच्या चौकटीच्या खांबाला भोक पाडून ते बसवले. दार उघडले की दिवा लागावा, लावले की जावा, अशी रचना. बल्ब बसवले ते थेट त्या पट्टीलगत, गाडीच्या जमिनीवर. जिथे पाय अडखळला, तिथेच उजेड हवा, हा त्यांचा हिशेब होता.

तिन्हीसांजेला ते स्वतः गाडीबरोबर खुटबावला गेले. भामाबाई काठी टेकत अंगणात आल्या. म्हस्कूने दार उघडले, पायापाशी पिवळा उजेड पसरला. भामाबाईंनी उचललेला पाय मागे घेतला.

"ह्यात न्हाई बसायची मी."

"आता काय झालं?" म्हस्कू वैतागला.

"दिव्याला पाय लावू व्हय?"

"आये, त्यो दिवा न्हाई, बल्ब हाय!"

"मग रोज सांजंला बटण दाबल्यावर हात कुणाला जोडतोस रं? बटणाला?"

म्हस्कू कोंडिबांकडे वळला. "आप्पा, तुमीच सांगा हिला. तुमी तर असलं काय मानत न्हाई."

कोंडिबा मानत नव्हते, हे खरे. बल्बमध्ये तार तापते आणि प्रकाशते, यापलीकडे त्यात काही नाही, हे समजावणे त्यांना अवघड नव्हते. परंतु त्यांना जाणवले, की ज्या रूढीने माणूस दुखावतो ती या बाईने कोणी न सांगता मोडली होती; जिने कोणाचेच काही बिघडत नाही, तेवढी तिने जपली होती. चूक तिच्या श्रद्धेत नव्हती, आपल्या मापात होती. आपण पायाचा विचार केला, माणसाचा केला नाही.

"मावशी, अर्धा तास थांबा," ते म्हणाले. "चूक माझी हाय."

भामाबाईंच्या सुनेकडून त्यांनी तेलाचा रिकामा डबा मागितला. त्याचा पत्रा कापून दोन झाकणे वळवली. जमिनीवरचे बल्ब काढून पुढच्या सीटच्या पाठीला, गुडघ्याच्या वर, झाकणाखाली बसवले. वायर लांबवली, नवा जोड टेपने गुंडाळला, चाचपला. आता दिवा वर राहिला आणि उजेड तेवढा खाली पडला.

भामाबाईंनी वाकून पाहिले. दिव्याला हात जोडले. मग पट्टी ओलांडून पाय आत ठेवला, दुसराही ठेवला.

"दिसतंय का, मावशी?"

"बोटंसुदीक दिसत्यात. लई मळल्यात रं!" त्या हसल्या, आणि लगेच थांबल्या. "दार लावलं की इझतो व्हय ह्यो?"

कोंडिबांनी दारावर हात ठेवला. "इझत न्हाई, झोपतो. दार उघडलं की जागा व्हतो."

"मग कस्तुराच्या दारात जागा व्हऊ दे म्हंजी झालं."

कोंडिबांनी दार हलकेच लावले. गाडी तळेगावच्या वाटेला लागली. अंगणात ते हत्यारे गोळा करीत होते, तोच सुनेने हाक मारली, "आप्पा, भाईर का उभं? आत या, च्या ठेवलाय."

ते आत गेले. चुलीच्या जागी आता गॅस होता. पण वरच्या तुळईवर त्यांनी विशीत ठोकलेला लाकडी गोल ठोकळा तसाच होता, आणि त्याखाली बल्ब जळत होता.