दिएपच्या आईने हात सोडले

लग्न होऊन फिन या दरीत आली, तेव्हा सासूने तिला चुलीच्याही आधी घरामागचा कडा दाखवला. अंगणात बदकं जिथे चरत, तिथूनच तो सरळ आभाळात जायचा. करडा, चुनखडीचा, जागोजागी भोकं पडलेला. आणि वर, खडकाच्या खोबणीत जिथे जिथे ओंजळभर माती साठली होती, तिथे तिथे सीताफळाची झाडं.

"ही झाडं आपली," सासू म्हणाली. "पण तोडायला जाणारं घरात कुणी नाही. तुझा नवरा शिडीच्या तिसऱ्या पायरीवर डोळे मिटतो."

यात खोटं काही नव्हतं. कोंग भला माणूस. त्याच्या हाताला बदकं अशी वाढत की हू लुंगच्या बाजारात लोक त्याची वाट पाहत. पण उंचीचं नाव काढलं की त्याच्या तळहाताला घाम फुटायचा. तेव्हा फिनने निळीत रंगवलेली विजार गुडघ्यापर्यंत खोचली, पाठीला टोपली बांधली आणि अनवाणी वर गेली. टोपली भरून खाली आली तेव्हा सासू अंगणातच बसून होती. जेवण करपलं होतं.

पुढे दिएप झाली. तिला झोळीत पाठीशी बांधून फिन कड्याच्या पायथ्याची झाडं तोडायची, आणि पोर सासूकडे सोपवून वरची. धाकटा दीर तोआन तिला घोरपड वहिनी म्हणू लागला आणि बघता बघता ते नाव गावभर झालं. फिनला त्याचा राग नव्हता. पोर चालायला लागली तशी तिने तिला एकच गोष्ट पुन्हा पुन्हा शिकवली: काहीही होवो, हात सोडायचा नाही. फळ पडलं तर पडू दे, टोपली गेली तर जाऊ दे. हात सोडायचा नाही.

मग एके वर्षी दोर घेऊन माणसं आली. काही हनोईची, काही दूरदेशची. रंगीत दोर, कमरेला पट्टे, पायांत इवलेसे घट्ट बूट. फिनने त्यांना पाणी दिलं आणि विचारलं, "वर काय आहे?"

"काही नाही, ताई."

"फळं?"

"नाही."

"मग वर जाऊन करता काय?"

"खाली येतो," त्यातला एक हसत म्हणाला.

फिनला वाटलं, शहरात माणसांना फारच मोकळा वेळ मिळत असणार. पण दिएप त्या दिवशी संध्याकाळपर्यंत कड्याखाली बसून राहिली. पोरीला शाळामास्तरीण करायचं, तिने खडकाचं तोंडसुद्धा बघू नये, म्हणून फिनने इतकी वर्षं टोपल्या वाहिल्या होत्या. आणि मोठी झाल्यावर पोरीने मास्तरकीचं शिक्षण अर्ध्यावर सोडलं, ती दोरवाल्यांबरोबर गेली, लोकांना चढायला शिकवू लागली.

"ज्या खडकावरून तुला खाली उतरवलं, त्याच्यावरच परत चाललीस?" फिन म्हणाली होती. "तेही फळाशिवाय?"

त्यानंतर मायलेकी बरेच महिने फक्त बदकांविषयी बोलत. बदकं बरी आहेत का? आहेत. अंडी देतात का? देतात. फोन बंद.

दिएप परत आली ती तंबूंची कल्पना घेऊन. फिनला तंबू म्हणजे जत्रेतला, भोकाभोकांचा, एवढंच ठाऊक. दिएपने लाकडी जमीन घातली, त्यावर जाड कापडाचे उंच तंबू उभे केले, आत खरेखुरे पलंग, मच्छरदाण्या, मागे गरम पाण्याची न्हाणी.

"याला ग्लॅम्पिंग म्हणतात, आई."

"ग्लॅम काय?"

"जाऊ दे. तू फक्त गोधड्या दे."

निळीच्या गोधड्या फिनने स्वतः शिवल्या. रंग पक्का बसेपर्यंत तिचे हात कोपरापर्यंत निळे राहिले. तंबू फक्त चार, आणि तेही डोंगराच्या वळणाआड, कारण रस्त्याकडेला तोआनचं मोठं विश्रांतिगृह होतं. तिथे शनिवारी बसच्या बस उतरत आणि कराओकेच्या भोंग्यावर लोक घसा फोडून गात. वळणाआड तो आवाज येत नसे. तिथे फक्त बांबू वाजत आणि पहाटे बुलबुल.

"चार तंबू!" तोआन हसायचा. "वहिनी, इथे भुतंसुद्धा राहायची नाहीत. माझा एक भोंगा घेऊन जा, फुकट देतो."

"तुझ्या भोंग्याने माझी बदकं अंडी द्यायची थांबतील, भाऊजी."

गेल्या कार्तिकात, भात कापून झालं होतं आणि हवा कोरडी झाली होती, तेव्हाच्या शनिवारची ही गोष्ट. हाय फोंगच्या इस्पितळातली एक परिचारिका, थु तिचं नाव, दोन मैत्रिणींना घेऊन आदल्या रात्री राहायला आली होती. वर्षभर रुग्णांच्या घंटा ऐकून कान किटले आहेत, मावशी, आम्हाला फक्त गप्प बसायचंय, असं आल्या आल्याच म्हणाली. पण सकाळी दिएपने कड्याला दोर लावला, तेव्हा सगळ्यात आधी तीच उठली. दोनदा अर्ध्यातून उतरली, एकदा रडली, तिसऱ्यांदा वर पोचली. खाली आली ती थरथरत आणि हसत.

फिन तिथेच चुलीपाशी बदकाच्या पोटात माकमाटचा सुगंधी पाला भरत होती.

"मावशी, तुम्ही कधी चढलात का इथून?"

"ही पोटात होती तेव्हा चढले," फिन दिएपकडे हनुवटी करून म्हणाली. "ती बाहेर आल्यावर तर रोजच."

"दोर बांधून?"

"दोर कुठला, बाई? दोर म्हशीला."

थु तोंड उघडं टाकून बघतच राहिली. दिएप म्हणाली, "तीन वर्षं मागे लागलेय, एकदा बांधून तरी बघ. ऐकेल तर शपथ."

फिनने हात झटकला. पायांमधून पट्टे आवळून साऱ्या गावासमोर लोंबकळायचं, हे या वयात शोभतं का? आणि एक गोष्ट तिने कुणालाही सांगितली नव्हती. सीताफळाची वरची झाडं तिने हळूहळू भाच्यांच्या हवाली केली होती, ती गुडघ्यामुळे. कड्याकडे पाहिलं की हल्ली तिला आधी गुडघा आठवायचा.

तेवढ्यात तोआन आला. त्याच्या पाहुण्यांना बदकं कमी पडली होती. सगळं ऐकून तो म्हणाला, "वहिनी आणि कडा? अहो, खुराड्यापर्यंत चालल्या तरी गुडघे कुरकुरतात. ती घोरपड कधीच म्हातारी झाली."

फिनने बदक पातेल्यात ठेवलं. हात धुतले, विजारीला पुसले.

"आण तो पट्टा," ती म्हणाली.

दिएपने आईच्या कमरेला पट्टा बांधला, त्याला दोराची गाठ मारली, पुन्हा तपासली. बूट पुढे केले. फिनने एक पाय घालून पाहिला. "हे माणसाच्या पायाला असतात की शिक्षेला?" म्हणाली, आणि ते थुच्या हाती देऊन अनवाणीच निघाली.

कडा तिला ओळखत होता. पहिल्या भोकात अंगठा गेला आणि दुसरं भोक कुठे आहे हे पायाला आपसूक कळलं. गुडघ्याने एकदा तक्रार केली, तिने वजन दुसऱ्या पायावर घेतलं. ती सावकाश गेली, मधे थांबून श्वास घेतला, एका कपारीतलं वाळकं पान उगाचच काढून टाकलं. खाली सगळे माना वर करून बघत होते, तोआनसुद्धा. आणि मग ती वर होती, जिथे दोर दोन लोखंडी कड्यांतून ओवून परत खाली दिएपच्या हातात गेला होता. समोर कापलेली शेतं, पलीकडे डोंगरांच्या रांगा. कितीतरी दिवसांनी तिने आपलं घर वरून पाहिलं. छपरावर कोंगने मक्याची कणसं वाळत घातली होती आणि नेहमीप्रमाणे वाकडी घातली होती.

"आई, पोचलीस! आता दोरावर बस."

"कशावर बसू? इथे जागा कुठाय?"

"हवेत बस. मागे रेल, पाय भिंतीला लाव आणि हात सोड. मी उतरवते."

"वेड लागलंय का? मी उतरते माझी माझी."

तिने एक पाय खाली सोडला. पूर्वी उतरताना पायाला डोळे असत. आता पाय चाचपडत राहिला, गुडघा वाकेना. तिने पाय वर घेतला आणि खडकाला घट्ट धरलं.

"आई, हात सोड."

"नाही सुटत!" फिन ओरडली. "कसे सोडू? जन्मभर नाही सोडले!"

गलका ऐकून कोंग धावत आला. वर पाहिल्याबरोबर त्याचा चेहरा उतरला, पण तो पळाला नाही. त्याने मागून दिएपची कंबर दोन्ही हातांनी पकडली. "मी पण धरलंय गं!" तो डोळे मिटून ओरडला.

"बाबा, सोडा मला, काम करू द्या," दिएप मान न वळवता म्हणाली.

फिनने काखेखालून खाली पाहिलं. इतकी वर्षं तिने लेकीला काम करताना पाहिलं होतं ते चुलीपासून, पाठमोरं, भाजी निवडता निवडता. आज पहिल्यांदा ती दोराच्या दुसऱ्या टोकाला होती. दिएप तोआनकडे बघत नव्हती, बापाकडे नाही, थुकडे नाही. पाय रोवून उभी होती, दोन्ही हात दोरावर, आणि डोळे फक्त आईवर. चेहऱ्यावर ना घाई, ना भीती. दोर ना सैल, ना ताठ. फिनला कळलं की ही अशी संध्याकाळपर्यंत उभी राहील आणि तिचे हात एवढेसुद्धा हलणार नाहीत. हे बळ कुठल्या मास्तरकीच्या शाळेत मिळालं नसतं. आपल्या पोरीला हे काम येतं, आणि किती सुरेख येतं.

"दिएप," तिने वरून हाक मारली. "धरलंयस ना?"

"धरलंय, आई."

फिनने आधी डावा हात सोडला. मग उजवा.

ती पडली नाही. पट्ट्यात बसली, पाळण्यात बसावी तशी. दोर अलगद सरकू लागला आणि ती भिंतीवर पाय टेकत उलटी चालत खाली आली. अर्ध्यावर तिला हसू फुटलं आणि खाली येईपर्यंत थांबेना. जमिनीला पाय लागले तेव्हा कोंगने डोळे उघडले. "आलीस?" तो म्हणाला आणि तिथेच मटकन बसला.

थु आणि तिच्या मैत्रिणी टाळ्या वाजवत होत्या. दिएप गाठ सोडू लागली. फिनने लेकीचे हात आपल्या हातांत घेतले आणि उलटेपालटे करून पाहिले. तळव्याला घट्टे होते, तिच्या स्वतःच्या होते तसेच.

"मला वाटलं होतं, तू रिकामटेकड्यांना खेळवतेस," ती म्हणाली. "मला माहीत नव्हतं, पोरी."

दिएपने नाक पुसलं.

"वहिनी," तोआन घसा खाकरून म्हणाला, "मी आपलं गमतीने म्हटलं होतं."

"बरं झालं म्हटलंस. आता तुझी पाळी. ये, पट्टा तयार आहे."

"मला बदकं न्यायचीत," म्हणत तोआन जो निघाला तो बदकं न घेताच गेला.

त्या संध्याकाळी जेवण लवकर झालं. भाजलेलं बदक, पाच रंगांचा चिकट भात, आणि थुच्या आग्रहाने तांदळाच्या दारूचा एकेक पेला. थुने विचारलं की उद्या पुन्हा चढणार का, तर फिन म्हणाली, उद्या कशाला, पलीकडचा कडा आहे ना, तो मोठा आहे. आणि रविवारी सकाळी धुकं सरताच ती खरंच तो चढली. या वेळी वर पोचल्यावर तिने वाट पाहिली नाही. लगेच मागे रेलली.

पुढच्या बाजारी ती पिल्लं विकायला बसली होती, तर शेजारची मिरचीवाली म्हणाली, "ऐकलं ते खरं का? तुझ्या पोरीने तुला कड्याला टांगलं म्हणे."

"टांगलं कुणी सांगितलं?" फिन म्हणाली. "धरलं होतं. माझी दिएप माणसांना कड्यावर नेते आणि सुखरूप खाली आणते. हाय फोंगच्या, हनोईच्या बायका तिच्यासाठी एवढ्या लांबून येतात. तुला यायचंय का? गुरुवारी ये. विजार घालून ये, परकर नको."

मिरचीवाली हसली, आणि मग हसणं थांबवून हळूच म्हणाली, "खरंच येऊ?"

"ये की," फिन म्हणाली, आणि आपल्या चटईवर सरकून तिला बसायला जागा केली.