हरकाची दोन पोती

ऊसतोडीहून परतल्यावर झुंबरबाईने पहिलं काम काय केलं, तर कोयता पोत्यात गुंडाळला, वर सुंभ आवळलं आणि आढ्याला नेऊन खोचला. "यंदा ह्यो खाली यायचा न्हाई," ती म्हणाली. बायको एकदा बोलली की बोलली, हे गहिनीनाथाला लग्नापासून ठाऊक होतं. तो हूं म्हणाला आणि बैलांना वैरण टाकायला गेला.

तिसगावपासून कोसभर, माळाच्या कडेला त्यांची वस्ती. दिवाळी झाली की तिथली निम्मी माणसं गाड्या जुंपून कालव्याच्या पट्ट्यात ऊस तोडायला जात. मागच्या खेपेला, पौषाच्या थंडीत, पाचटाच्या कोपीत, उसाच्या वाळल्या पानांच्या झोपडीत, झुंबरबाईला मुलगी झाली होती. पाचवी पुजली आणि दुसऱ्या पहाटे पोर गारठून गेली. शेजारच्या कोपीतली लंकाबाई अकोले तालुक्याच्या डोंगरातली. तिनेच झुंबरबाईला बाळंत केलं होतं, तिनेच उसाच्या बांधाला एवढासा खड्डा खणला. दोन दिवसांनी झुंबरबाई पुन्हा फडात मोळ्या बांधत होती. मुकादम तिला वेडंवाकडं बोलला नाही, एवढ्यालाच लोक त्याचा चांगुलपणा म्हणाले. असले चांगुलपणे चुलीत घालावेत.

आषाढात कळलं की पुन्हा दिवस राहिलेत. बोटांवर महिने मोजले तर पुन्हा पौषच येत होता.

दुसऱ्या मोठ्या लढाईचं पाचवं वर्ष लागायच्या बेतात होतं. नगरच्या छावणीतल्या दवाखान्याला कोंबडे लागत, आणि ते पुरवणाऱ्याचा माणूस मच्छिंद्र खेडोपाडी हिंडत असे. झुंबरबाईने चैत्रात दहा खुडूक कोंबड्या अंड्यांवर बसवल्या होत्या. पिलांतले नर निवडून तिने वेगळे वाढवले होते. मच्छिंद्र ते बघून म्हणाला, "दसऱ्यानंतरच्या मंगळवारी येतो. चाळीस पायजेत. एकेक दीड शेराच्या वर, आन एकबी आजारी नको. ही खेप पास झाली तर वरीसभर तुझ्याकडनंच नेईन." वर्षभर म्हणजे पौषातही. म्हणजे पोर घरात, चुलीच्या उबेला, चार भिंतींच्या आत. झुंबरबाईला बाकी काही नको होतं.

पण कोंबड्यांना घालायचं काय? ज्वारी सरकारने लेव्हीत मोजून नेलेली. उरली ती माणसांनाच पुरेना, त्यातली मूठभर कोंबड्यांपुढे टाकली असती तर वस्तीने तिची सालटी काढली असती. मग तिने बांधावरचा सावा झोडून आणला. दोन पायल्या राळा कुठून तरी मिळवला. कोंडा भिजवला, गोवऱ्यांखालची वाळवी झाडून घातली. तरी कोंबडे वाढेनात. हातात धरला की छातीचं हाड बोटांना टोचे. रोज संध्याकाळी ती एकेकाला उचलून बघायची आणि पुन्हा खाली सोडायची.

तेव्हा तिला लंकाबाईचं बोलणं आठवलं. "आमच्याकडं हरीक कणग्या भरून हाय. त्याला कोन सरकार इचारतंय?" हरीक म्हणजे डोंगराकडचं बारीक, तांबूस धान्य, माळावर कुणी पेरत नाही. गहिनीनाथाने गाडी जुंपली आणि अकराव्या दिवशी दोन पोती घेऊन आला. लंकाबाईने बदल्यात फक्त मिरच्यांचं गाठोडं घेतलं होतं. "त्या बाईनं बजावून सांगितलंय," तो म्हणाला, "शेनकाल्यात रातभर भिजवायचा, धुवायचा, वाळवायचा आन मग खायाचा."

झुंबरबाईने स्वतःच्या भाकरीपुरता हरीक तसाच शेणाच्या पाण्यात भिजवला, धुतला, वाळवला. कोंबड्यांच्या वाट्याचा मात्र नाही. दिवसभर उकिरडा उकरून खाणाऱ्या जिवाला शेणकाल्याचं कसलं कौतुक? शिवाय विहीर लांब, आणि पोट आता वाकू देत नव्हतं. ती कोंड्या-राळ्यात हरकाची मूठमूठ मिसळून घालू लागली आणि कोंबडे बघता बघता भरले. तुरे लाल झाले, पिसांवर तेज चढलं. गहिनीनाथसुद्धा खुराड्यापाशी उभा राहून उगाच हसायला लागला.

सोमवारी संध्याकाळी तिने एकेक उचलून पाहिला. दहा-बारा अजून हलके वाटले. उद्या मच्छिंद्राच्या काट्यावर ते कमी भरले तर? तिने पोत्याच्या तळाशी उरलं होतं तेवढं ओतलं आणि नुसता हरीक सगळ्यांपुढे पसरला. खा म्हणाली, पोट फुटेस्तोवर खा. कोंबड्यांनी दाणाही ठेवला नाही.

मंगळवारी उजाडताना तिने खुराडं उघडलं. पंचवीसएक कोंबडे जमिनीवर आडवे. माना लुळ्या, डोळ्यांवर पडदे, पाय लटलट कापताहेत. उभे होते तेही झुलत होते. मानमोडी! तीन वर्षांपूर्वी हा रोग आला तेव्हा वस्तीतलं एकही खुराडं भरलेलं राहिलं नव्हतं. कुंपणापलीकडे केशरबाई उभी होती. ती विधवा, डझनभर कोंबड्या हाच तिचा संसार. ती पदराला हात पुसत राहिली.

गहिनीनाथ हळू आवाजात म्हणाला, "उभे हायेत ते डाल्यात घालू. मच्छिंद्राला काय कळतंय?" माणूस खोटा नव्हता. घाबरला होता.

"आन दवाखान्यातल्या आजारी मानसांनी त्ये खायाचे? केशरबाईचं खुराडं रिकामं करायचं?"

"मग जायचं का कोपीत?"

झुंबरबाईने पोटावर हात ठेवला. मग म्हणाली, "कापा."

घरातला विळा बोथट होता. गहिनीनाथाने आढ्यावरचा कोयता काढला. तिने कोंबडे धरले, त्याने कापले. वाढवलेल्या हातांनीच तिने ते एकेक करून खड्ड्यात टाकले, वर राख पसरली, माती ओढली, दगड रचले. मोजणीत एकोणचाळीसच भरले. एक कुठे तरी मरून पडला असेल म्हणून कुणी शोधला नाही. मच्छिंद्र आला तो लांबूनच ओली माती बघून थबकला. "वरीसभर तरी ह्या वस्तीवर येनं न्हाई," म्हणाला आणि वळला.

ऊन कलल्यावर उखळामागे खुडबुड झाली. चाळिसावा कोंबडा बाहेर आला. गुत्त्यातून निघालेल्या माणसासारखे त्याचे पाय दोन दिशांना जात होते. डोणीतलं पाणी प्याला, अंग झाडलं, खड्ड्यावरच्या दगडावर चढला आणि खणखणीत आरवला.

गहिनीनाथाचा चेहरा पांढरा पडला. "माजरा," तो पुटपुटला. "लंकाबाई म्हनली व्हती, ह्यो हरीक माजरा हाय. न भिजवता खाल्ला तर चढतो. मानूस दिसभर पडून ऱ्हातं, सांजच्याला उठतं. मी... मला त्येवढं सांगायचं ध्यानातच ऱ्हायलं न्हाई."

झुंबरबाईने दगड बाजूला फेकले आणि नखांनी माती उकरायला लागली. काय सापडणार होतं? माना तुटलेले एकोणचाळीस कोंबडे. पण ती उकरत राहिली, बोटांतून रक्त आलं तरी, शेवटी गहिनीनाथाने तिला कमरेला धरून मागे ओढेपर्यंत. शहाण्यासारखं वागण्याची अशी शिक्षा मिळावी, याचा जाब कुणाला विचारायचा असतो, मला अजून कळलेलं नाही.

दिवाळीनंतर गाड्या निघाल्या. फडावर पोचल्या त्या दिवशी लंकाबाई धावत आली आणि झुंबरबाईचं पोट बघून जागीच थांबली.

"अगं, तू इथं कशी? कोंबड्यांचं काय झालं?"

"मानमोडी आली. समदे गेले."

लंकाबाईचा चेहरा उतरला. "हरीक शेनकाल्यात भिजवला व्हतास ना गं? मला त्या दिसापासनं घोर लागलाय. माजरा त्यो, आन मी आपली देऊन बसले."

झुंबरबाईने तिच्याकडे पाहिलं. पौषात याच बाईचे हात लागणार होते, दुसरे कुणाचे नव्हते.

"रातभर भिजवला," ती म्हणाली. "धुतला, वाळवला. तुझ्या दान्याचा काई दोष न्हाई. मानमोडीच व्हती."

गहिनीनाथ तोंड फिरवून बैल सोडायला लागला. लंकाबाईने सुस्कारा सोडला, पदर खोचला आणि पाचटाचा भारा ओढत कोपीकडे निघाली. "ह्या वक्ताला वाऱ्याची बाजू मी आधीच बुजवून घेते," ती म्हणाली. "दोन थर देऊ. तीन देऊ."

इतक्या दिवसांत झुंबरबाई रडली नव्हती, ती तेव्हा रडली. मग डोळे पुसून तिने कोयता उचलला आणि लंकाबाईला पाचट कापून द्यायला लागली.