पोफळीचा साकव

संकट माणसाची जात बघत नाही, असं म्हणतात. खरं आहे. गेल्या पावसात आमच्या पऱ्याला, म्हणजे ओढ्याला, लोंढा आला, तेव्हा त्याने कुणाची जात विचारली नाही. विचारायची गरज नव्हती. पऱ्याच्या पलीकडे फक्त आमची बौद्धवाडी आहे. सिमेंटचा साकव, पायी जायचा पूल, गेला तो आमचाच.

तालुक्याच्या कार्यालयात साहेबांच्या टेबलासमोर दोन खुर्च्या होत्या. एकीवर सरपंच बसले होते. दुसरीवर सरपंचांची ओली छत्री. मी ग्रामपंचायतीची सदस्य. मी उभी होते.

मागणी साधी होती. नवा पूल, लगेच. सरकारी बांधकामाला निविदा काढावी लागते. निविदा काढायची, कुणी भरली नाही की पुन्हा काढायची, तोवर दुसरा पावसाळा येतो. पण आपत्तीत थांबता येत नसेल तर निविदेशिवाय काम देता येतं. ही सूट नियमातच आहे. मी वाचनालयात काम करते. कुणी न उघडलेली पुस्तकं पुसणं हे माझं काम. एक उघडलं, त्यात हे सापडलं.

आणि मला थांबता येत नव्हतं. आईचं डायलिसिस रत्नागिरीत होतं. पऱ्या ओलांडल्याशिवाय रिक्षा नाही.

साहेबांनी अर्जाला जोडलेला फोटो बघितला. माझे दोन चुलतभाऊ आईला प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून पोफळीच्या ओंडक्यांवरून नेतायत. खाली गढूळ पाणी.

«ताई, तातडी म्हणजे ज्याला पर्यायच नाही. इथे तर माणसं पलीकडे जाताना दिसतायत की.»

दिसत होती. आमच्याकडे आजोबांपासूनची रीत आहे. साकव गेला की कुणाच्या दारात जायचं नाही. पडलेल्या पोफळी गोळा करायच्या, आडव्या टाकायच्या, सुंभाने आवळायच्या. सकाळी गेलेला साकव संध्याकाळी उभा. आम्हाला त्याचा अभिमान होता. मी धोका दाखवायला फोटो लावला होता. साहेबांना त्यात सोय दिसली.

सरपंच हसले. «ह्यांना सवय आहे साहेब. वांदरासारखी जातात. पाय म्हणून घसरत नाही.» मग माझ्याकडे वळून, «काय गं तुक्याच्या पोरी, खोटं बोलतोय मी?»

त्यांना ते कौतुक वाटत होतं. शाळेत ते माझ्या मागच्या बाकावर होते. माझे वडील त्यांच्या वडिलांपेक्षा वयाने मोठे.

तेवढ्यात शिपायाने दुसरी फाइल आणली. एक मान्यवर येणार होते, त्यांच्यासाठी हेलिपॅड. निविदेशिवाय, तातडीचं काम म्हणून. साहेबांनी उभ्या उभ्या सही केली. मान्यवरांचं येणं हीसुद्धा पुरासारखी आपत्ती असते, हे मला ठाऊक नव्हतं.

मी छत्री उचलली. जमिनीवर ठेवली. खुर्चीत बसले. खुर्ची ओली होती.

«त्यांचं नाव तुकाराम होतं,» मी म्हटलं. «आणि मी सदस्य आहे.»

सरपंच छत्रीकडे बघत राहिले. साहेब म्हणाले, «पर्याय नसता तर विचार केला असता.»

«बरं,» मी म्हटलं.

वाडीत बैठक झाली. म्हातारे चिडले. «अगं, साकव काढून हाल कुणाचे? आपलेच ना?» खरं होतं. पोरांना शाळेसाठी डोंगराला वळसा पडणार. आईला तर वळसाही शक्य नव्हता.

आईच बोलली. «काढा ते ओंडके. माका पालीला टाका, भैनीकडं. खुर्चीत बसून लय मिरवलं.»

आईला पालीला मावशीकडे ठेवून आलो; तिथून रत्नागिरीची गाडी मिळते. वाडीने साकव सोडला. एकेक ओंडका वर ओढला, पडवीत रचला.

मी पुन्हा अर्ज केला. पर्याय उरलेला नाही, पाहणी करावी. साहेब आले. सरपंच आले. अलीकडच्या काठावर छत्रीखाली उभे. मी पलीकडे.

«साकव कुठाय?» साहेब ओरडले.

«काढला.»

«मग आम्ही यायचं कसं?»

«डोंगराला वळसा घालून. पोरं जातात.»

सरपंच म्हणाले, «चार पोफळी टाक गं तेवढ्यापुरत्या. साहेब आलेत.»

«टाकणार नाही.»

साहेबांनी आपल्या बुटांकडे बघितलं. मग डोंगराकडे. मग गाडीकडे.

आई अजून पालीला आहे. फोनवर विचारते, पऱ्याला पाणी किती. मी चहा घेतला का ते विचारत नाही, पऱ्याचं विचारते. तिला घरी यायचंय. तरी ती एकदाही म्हणाली नाही की ओंडके टाक. ते पडवीतच आहेत. तिथेच कुजतील. आमची हिंमत आता कुणाच्या फाइलला पुरावा म्हणून मिळणार नाही. मी दर आठवड्याला त्या कार्यालयात जाते आणि आधी खुर्चीत बसते. मग बोलते. पूल होईपर्यंत जाणार.

पाहणीचा अहवाल आला आहे. जाण्यासाठी पूल नसल्याने पाहणी होऊ शकली नाही, असं त्यात लिहिलं आहे.