आपांचा उजवा हात

नफीसाआपांचे भाऊ इक्बालभाई यांचा फोन आला तेव्हा वर्गात मुलांची कामं रंगात आली होती. कुणी एका वाटीतली मसूर चमच्याने दुसऱ्या वाटीत भरत होतं, कुणी खरखरीत कागदाच्या अक्षरांवरून बोट फिरवत होतं. "वर्षाताई, आपा गेली," एवढंच ते म्हणाले. आमच्या वर्गात मोठ्याने बोलायचं नाही, हा आपांचाच नियम. मी फोन ठेवला आणि भिंतीकडे तोंड करून उभी राहिले... पाठीमागे वाटीत पडणाऱ्या मसुरीचा बारीक आवाज येत राहिला.

नफीसाआपा आणि मी भिवंडीत टेमघरला लहान मुलांची मॉन्टेसरी शाळा चालवत होतो. शाळा म्हणजे एकच मोठी खोली, आणि तिच्या खाली यंत्रमागाचा कारखाना. मी काल्हेरची. पहिल्या दिवशी आले ती फळा आणि खडू शोधत. तिथे फळाच नव्हता. बुटकी कपाटं, त्यांत लाकडी ठोकळे, पाण्याचे छोटे जग, कापडाच्या घड्या. आपा म्हणाल्या, "इथे आपण शिकवायचं नाय, वर्षा. मूल हाताने शिकतं. आपण आपले हात आवरायचे, बस." मला ते फार सोपं वाटलं होतं. मूल बुटाच्या बंदाशी झगडत असताना नुसतं बघत बसणं किती अवघड असतं, ते पुढे कळलं. खालचे लूम सुरू झाले की जमीन थरथरायची आणि मुलांनी ठोकळ्यांचा रचलेला मनोरा हळूहळू सरकत कोसळायचा. मुलं रडायची. मी म्हटलं, हा मनोरा आपण काढूनच ठेवू. आपांनी नकाराची मान हलवली. "लूम काय बंद होणार नाय. पोरांची घरंपण लूमच्याच बाजूला. याच जमिनीवर रचू दे." आणि श्वास रोखून, नेमका मध्य धरून ठोकळा ठेवायला मुलं खरंच शिकली.

खालच्या कारखान्यात काम करणारा, आमच्या वर्गातल्या सानियाचा बाप एकदा ड्युटी संपवून तणतणत वर आला. "दिनभर पानी इधर से उधर करती है. लिखना कब सिखाओगे?" आपांनी त्याला खाली बसवलं, शर्टाची बटणं काढायला लावली आणि सानियाला म्हणाल्या, "अब्बा की बटन लगाओ." चार वर्षांची ती पोर जीभ बाहेर काढून एकेक बटण काजात घालत गेली. शेवटचं लागलं तेव्हा बाप हसत होता, आणि डोळेही पुसत होता.

गेल्या वर्षी ईदनंतर आपांना पक्षाघाताचा झटका आला. उजवी बाजू गेली. बोलणं अडखळत का होईना, परत आलं. हात मात्र परत आला नाही. मी भेटायला गेले तेव्हा त्यांची भावजय त्यांच्या कुर्त्याची बटणं लावत होती आणि आपा डाव्या हाताने तिला दूर लोटत होत्या. मला म्हणाल्या, "शाळेतली बटणांची चौकट घेऊन ये." लाकडी चौकट, तिच्यावर कापडाचे दोन पदर, मध्ये मोठी बटणं... आमची सगळी मुलं त्याच चौकटीवर शिकली होती. मग रोज दुपारी आपा ती मांडीवर घेऊन बसत. बटण काजात अर्धं जाई आणि निसटे. एकदा न राहवून मी हात पुढे केला. त्यांनी माझ्याकडे नुसतं पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता. आपांना घाबरलेलं मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

थंडी पडू लागली तेव्हा त्या हट्टाने वर्गात आल्या. मुलं हरखली. आपांनी पाणी ओतायचं तबक मागवलं, डाव्या हाताने जग उचलला... आणि सगळं पाणी चटईवर सांडलं. सानिया उठली, कोपऱ्यातून स्पंज आणला, पाणी टिपलं, बादलीत पिळलं, पुन्हा टिपलं. अगदी आपांनी शिकवलं होतं तसं. मग जग पुन्हा भरून त्यांच्यापुढे ठेवत म्हणाली, "होता है, टीचर. फिर से करो." हे वाक्यही आपांचंच. आपांनी त्या भरलेल्या जगला हात लावला नाही. जिना उतरताना माझ्या खांद्याचा आधार घेऊन त्या थांबल्या. "इतकी वर्षं पोरांना सांगत आले, सांडलं तर पुसायचं. सांडणाऱ्याला कसं वाटतं... ते कधी विचारलंच नाय."

त्यानंतर त्या वर्गात आल्या नाहीत. मी फोन करी, त्या म्हणत, "उद्या बघू." होळीच्या सुमारास दुसरा झटका आला, आणि त्यातून त्या उठल्या नाहीत.

आता शाळा मी एकटीच चालवते. मागच्या आठवड्यात मुलं डबे आवरत असताना सानिया माझ्याजवळ आली. "टीचर मेरी वजह से नहीं आती थी ना? मैंने पानी पोंछा, इसलिए?"

"नाही गं. आपा आजारी होत्या."

तिने जरा विचार केला. "तो फिर रोई क्यों थी?"

आपा रडल्या होत्या, हे मला माहीतच नव्हतं. पाणी सांडलं तेव्हा मी त्यांच्या मागे उभी होते. ती पोर समोर बसली होती. मी तिला जवळ घेतलं, काहीतरी बोलले. काय बोलले ते आठवत नाही, आणि तिला ते पटलं नाही एवढं कळलं.

खिडकीपाशी आपांची बुटकी खुर्ची आहे. ती मी हलवलेली नाही. मुलंही तिला वळसा घालून जातात. सानियाने त्या दिवशी आपली चटई त्या खुर्चीला अगदी लागून अंथरली. पण कपाटातून काहीच आणलं नाही. खाली लूम धडधडत होते, बाकीची मुलं आपापल्या कामात होती... आणि ती सुटी होईपर्यंत रिकाम्या चटईवर बसून होती.