काचेच्या बदकाचा बाप

हात बघून भविष्य सांगणारे पुष्कळ असतात, पण पोट बघून बाप सांगणारा माणूस उभ्या मावळात एकच होता, आणि तो नेमका माझ्या ताईचा सासरा निघाला. बाप म्हणजे काचेच्या जनावरांचा. बदक, मासा, ससा, कोंबडा, काहीही हाती द्या; आबा ते खिडकीशी नेणार, उलटं करणार, पोटाखालच्या खुणेवरून अंगठा फिरवणार आणि इटलीतल्या कुठल्या कारागिराने ते घडवलं हे सांगून मोकळे होणार. स्वतः आबा पुण्यापलीकडे कधी गेले नव्हते.

उमेदीची सगळी वर्षं त्यांनी लोणावळ्यात एका मुंबईकर शेठजींच्या बंगल्याची देखरेख केली. बंगला विकला तेव्हा शेठाणीबाईंनी परदेशातून आणलेली ही जनावरं आबांना देऊन टाकली. व्हेनिसजवळ कुठलंसं बेट आहे, तिथल्या भट्ट्यांमधली ती. प्रत्येकाच्या पोटाखाली नखाएवढं चंदेरी लेबल आणि त्यावर करणाऱ्याचं नाव. पुढे दिवाळी आली. आबांच्या पत्नीने, माईंनी, डब्यातांब्यांबरोबर ही जनावरंही सोड्याच्या गरम पाण्यात बुडवली आणि घासून लख्ख केली. लेबलं मोरीतून वाहून गेली. आपण काय केलं ते कळल्यावर माईंचं अन्नावरचं मनच उडालं. "एवढ्या लांबून आलेल्या जिवांची नावं पुसली मी," एवढंच त्या म्हणत राहिल्या. तेव्हा आबा कपाटाशी गेले, बदक उलटं करून पाहिलं आणि म्हणाले, "अगं, लेबल हवंय कुणाला? काच स्वतःच सांगते की." संध्याकाळी माई जेवल्या. त्या दिवसापासून आबा जाणकार झाले. माईंना ती रुखरुख पुन्हा लागू नये म्हणूनच हा सगळा खटाटोप आहे, हे ताईने मला तिच्या लग्नानंतर पहिल्याच भेटीत सांगून ठेवलं होतं.

पण खटाटोप तरी किती करावा माणसाने! इटालियन नावं जिभेवर बसेनात म्हणून आबांनी तिथल्या कारागिरांची बारशी इथंच उरकली होती. माना डावीकडे वळवणारा तो डावखुरा. काच घडवताना धरलेली सळई पोटाखाली जिथून तोडतात ती जागा न घासताच माल पाठवणारा तो घाईवाला. काचेत सोन्याचा वर्ख सढळ हाताने घालणारा थोरला भाऊ, आणि ज्याला शेपूट म्हणून कधी जमलंच नाही तो धाकटा. "हे केलं त्या दिवशी डावखुरा बायकोशी भांडून आला असणार," ते गंभीरपणे सांगत, "मान बघा कशी तोडून वळवलीय." माई तेवढ्याच गंभीरपणे "असं होय," म्हणत. एकदा दूधवाली मावशी दारातून बघत म्हणाली, "आबा, ह्ये बदक कुटलं?" आबा म्हणाले, "इटलीचं." "लय लांबून आलंय की. म्हून गप बसलंय व्हय," असं म्हणून ती गेली. आबांना हे निरीक्षण मनापासून पटलं.

उलटं करायची खोड मात्र हाताबाहेर गेली होती. वराळ्याला एका मुलीच्या बघण्याच्या कार्यक्रमात यजमानांच्या काचकपाटातल्या सगळ्या बाहुल्या आबांनी उताण्या पाडल्या आणि मग त्याच तंद्रीत हातातला भरलेला पेला उलटा केला. सरबत मुलाच्या मामांच्या धोतरावर गेलं. आबा तळ निरखत म्हणाले, "हा आपला तळेगावच्या काचकारखान्याचा." लग्न जमलं हे नशीब त्या मुलीचं.

आणि एका मे महिन्यात शेजारच्या बंगल्यात मुंबईचे एक गृहस्थ उतरले. जुन्या कलावस्तूंचे दर्दी, त्या बेटावर प्रत्यक्ष जाऊन आलेले. आबांनीच हौसेने त्यांना चहाला बोलावलं, तेव्हा मीही तिथे होतो. त्यांनी जनावरं हातात घेतली, वाखाणली, आबांचं डावखुऱ्यावरचं निरूपण ऐकून घेतलं आणि मोकळेपणी म्हणाले, "आबासाहेब, तिथले लोकसुद्धा लेबल नसेल तर छातीठोक सांगत नाहीत हो. एकाचं बघून दुसरा करतो, आजचा कारागीर उद्या दुसऱ्या भट्टीवर जातो. लेबल गेलं की नाव गेलंच म्हणायचं." माई तेव्हा पोह्यांच्या बशा घेऊन दारात उभ्या होत्या. आबांचे कान लाल झाले, पण ते म्हणाले, "तिथल्यांचं सोडा. रोज बघून त्यांची नजर मेली असेल." पाहुणे हसले आणि पोह्यांकडे वळले.

मी माईंच्या मागोमाग स्वयंपाकघरात गेलो. काहीतरी समजूत घालावी म्हणून तोंड उघडलं, तर त्याच म्हणाल्या, "मला लेबलावरची अक्षरं वाचता येत नव्हती रे. पण ह्यांचा चेहरा येतो ना. पहिल्याच दिवशी कळलं होतं मला. यांना बोलू नकोस हं, किती मन लावून सांगतात." आणि चहात साखर घालून त्या बाहेर गेल्या. तोवर घाईवाल्याचा विषय निघाला होता, आणि दारातूनच त्यांचं "असं होय" मला ऐकू आलं.

माई गेल्या त्याला वर्ष होत आलं असताना मी मुंबईहून काचेचं एक छोटं पाखरू घेऊन आबांकडे गेलो. म्हातारा जरा रमेल, एवढाच हेतू. त्यांनी ते उजेडात धरलं, बराच वेळ पाहिलं.

"कुणाचं असेल, आबा?"

"माहीत नाही."

हे दोन शब्द आबांच्या तोंडून मी तोवर कधी ऐकले नव्हते. माझा चेहरा बघून ते म्हणाले, "अरे, मला कधीच कळत नव्हतं. हिच्या जिवाला लागलं होतं म्हणून सांगत होतो. आता खरं बोललं तरी चालतं."

माईंचं सगळं बोलणं माझ्या अगदी जिभेवर आलं होतं. पण दोघांनी एकमेकांसाठी इतकी वर्षं सांभाळलेली थाप, ती उघडी पाडणारा मी कोण? आबांनी पाखरू कपाटात ठेवलं, थोडं मागे सरून पाहिलं.

"कुणाचं का असेना," ते म्हणाले, "मन लावून केलंय."